पाण्याची शीव वेगळी

हसनाबाद, ता. भोकरदन
नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. काकूंनी फोनवर तुला काय काय सांगितलं तेही कळलं. शिवारात काठीवर पांढरं टोपडं बसवलेलं यंत्र घेऊन पोरं हिंडतात, विहिरीच्या कठड्याशी उभं राहून मोबाइलमध्ये फोटो काढतात, नाल्याच्या काठाकाठानं चालतात. हे पाहून आता धरण नाहीतर रस्ता येणार आणि जमिनी जाणार, असं अर्ध्या गावाला वाटलं. तिकडं रॉटरडॅममध्ये तुझीही झोप उडाली असणार. म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो : जमीन कुणाचीच जात नाही. ही मंडळी पाण्याचा नकाशा करतायत. विहिरी, बोअर, नाले, बंधारे, पाझर तलाव, शेततळी, जे जे पाणी धरतं किंवा पाणी उपसतं त्याची जागा अक्षांश-रेखांशासह नोंदवून घेतायत.

तू विचारलंस, नकाशानं पाणी येतं का? सरळ प्रश्न आहे आणि त्याचं सरळ उत्तर नाही असंच आहे. पण पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कोण किती उपसतं आणि दुष्काळात कुणाच्या वाट्याला काय येतं, हे सगळं हल्ली नकाशावर ठरायला लागलंय. म्हणून तो नकाशा कसा होतो हे आपल्यासारख्यांना कळलंच पाहिजे. मला शाळेपासून भूगोलाची ओढ, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

काठीवरचं ते यंत्र म्हणजे रोव्हर. आपल्या लहानपणी मोजणीदार शंकू-साखळी घेऊन यायचा. दोघं साखळी ताणायचे, एक जण झेंडी धरायचा आणि बांधाच्या दोन्ही अंगांना दोन्ही घरची माणसं कान टवकारून उभी असायची. आता रोव्हर आकाशातल्या उपग्रहांचे संदेश पकडतो, आणि त्यात जो थोडा फरक राहतो तो भारतीय सर्वेक्षण विभागानं जमिनीवर उभारलेली कायमची स्थानकं दुरुस्त करून देतात. महाराष्ट्रात अशी ७७ स्थानकं आहेत. त्यांच्यामुळं जागा काही सेंटिमीटरच्या आत सापडते. विहिरीच्या नोंदीला इतकी अचूकता लागत नाही, साध्या मोबाइलचं जीपीएस पुरतं. पण बंधाऱ्याच्या सांडव्याची उंची किंवा नाल्याचा उतार काढायचा असेल तर लागते. तिथं वीतभर चूक झाली तरी पाणी थांबायचं ते वाहून जातं.

आता जरा मागं जाऊ. आपल्याकडचे नकाशे मुळात पाण्यासाठी झालेच नव्हते. हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. सारा हिंदुस्थान त्रिकोणात मोजायला निघालेला हा माणूस १८२३ साली तिथंच वारला. त्या मोजणीमागं साम्राज्याच्या गरजा होत्या : फौजेच्या वाटा, मुलखाच्या हद्दी, साऱ्याची आकारणी. निजामाच्या राज्यातली आपल्याकडची जुनी दप्तरंही तशीच. सेतवार घ्या, खासरा घ्या, त्यात जमीन कुणाची आणि किती हे सापडेल. आजचा सातबाराही त्याच वंशातला. गटनकाशात नाला असतो, पण नुसती एक रेघ म्हणून. त्या रेघेत पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असतं, वरून किती रानांचं पाणी तिच्यात उतरतं, खाली कुणाच्या विहिरी तिच्यावर जगतात, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ज्या पत्रकात भोकरदन येतं त्याचा क्रमांक ४६ पी. त्यावर समोच्चरेषा आहेत, निळ्या रेघांनी ओढे आहेत. काम सुरेख आहे, पण गावातल्या माणसाच्या हाती ते पत्रक कधी पडायचंच नाही.

बहात्तरचा दुष्काळ आपण पाहिला नाही, पण सुकडी आणि लाल मिलोच्या गोष्टी ऐकतच मोठे झालो. रोजगाराच्या कामांवर तेव्हा गावोगाव पाझर तलाव झाले. त्यांची जागा ठरवायला हाताशी काय होतं? एखादं पत्रक, ओव्हरसियरची नजर आणि पुढाऱ्याचा शब्द. काही तलाव उत्तम बसले. काही असे बसले की आजही पावसाळ्यात भरतात आणि खालच्या विहिरींना त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तळाला पाणी जिरायला वावच नाही. गंमत वाटते ती याची, की ज्या १९७२ साली आपल्या घरचे लोक खडी फोडत होते, त्याच साली २३ जुलैला अमेरिकेनं लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. जमिनीचे फोटो ठरावीक दिवसांनी परत परत घेणारा, पिकं आणि पाणी यांच्यावर नजर ठेवणारा. त्या मालिकेचा साठा आता फुकट मिळतो. मी शाळेतल्या संगणकावर मुलांना जुनी-नवी चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवतो. पूर्णेच्या खोऱ्यात तळी वाढत गेलेली आणि गायरानं आक्रसत गेलेली मुलं स्वतःच बोट ठेवून सांगतात.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच पुण्याला मुख्यालय असलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. तिनं एक फार मोठं काम केलं. सारा महाराष्ट्र गाव-तालुक्यांच्या हद्दीत न बघता पाणलोटांत वाटला. अशी १,५३१ पाणलोट क्षेत्रं आहेत आणि प्रत्येकाला खोऱ्यावरून सांकेतिक नाव आहे. आपल्या भागातली 'जीपी' या अक्षरांनी सुरू होतात : गोदावरी-पूर्णा. हा क्रमांक पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला एकदम मोकळं वाटलं. आपण तहसील, पंचायत समिती, जिल्हा परिषद गट यांच्या चौकटीत इतके अडकलोय, की गिरजा नदी आपल्या गावची आहे असंच समजतो. ती वेरूळ-खुलताबादच्या डोंगरातून निघते, फुलंब्री तालुका ओलांडून आपल्याकडे येते आणि पुढे पूर्णेत जाते. म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पडलेला पाऊस जालना जिल्ह्यातल्या विहिरी भरतो, आणि आपण अडवलं नाही ते पाणी खडकपूर्णा, येलदरी, सिद्धेश्वर असं करत गोदावरीला मिळतं. दोन जिल्हाधिकारी, दोन नियोजन समित्या, दोन आराखडे, पण नदी एकच. पाण्याची शीव माथ्यावरून जाते. सरकारी शीव मात्र बऱ्याचदा नदीच्या मधूनच काढलेली असते.

ही माथ्यावरची शीव आता संगणक काढतो. ते कसं होतं सांगतो, कारण हे मला स्वतःला फार आवडतं. आधी उंचीचा नकाशा लागतो. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानानं अकरा दिवसांत रडारनं पृथ्वीवरची बहुतेक जमीन मोजली, आणि २००५ मध्ये इस्रोनं कार्टोसॅट-१ सोडला. त्याला दोन कॅमेरे होते, एक पुढं झुकलेला आणि एक मागं. दोन डोळ्यांनी खोली कळते तशी त्या दोन चित्रांवरून उंची कळते. असा नकाशा चौकोनांत विभागलेला असतो. प्रत्येक चौकोनाला त्याची उंची. मग संगणक प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारतो : तुझ्या आठ शेजाऱ्यांपैकी सगळ्यात खाली कोण? पाणी तिकडं जाणार. असं करत करत कुठल्या चौकोनात वरचे किती चौकोन रिकामे होतात ते मोजलं, की ओढे आपोआप उमटतात. बंधाऱ्याच्या जागेवर बोट ठेवलं की त्याच्यावरचं सगळं पाणलोट रंगून समोर येतं. ज्यासाठी पूर्वी माणसाला समोच्चरेषांवर पेन्सिल फिरवत आठवडे घालवावे लागायचे, ते काही मिनिटांत.

मात्र एक अडचण राहते. आपल्याकडचं पाणी बरंचसं खाली आहे आणि उपग्रहाला खाली दिसत नाही. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर उतरंडीसारखे एकावर एक रचलेले. वरचा मुरूम पाणी धरतो, काही थरांत बुडबुड्यांची भोकं आणि भेगा आहेत त्यांतून पाणी चालतं, आणि मध्येच एखादा घट्ट काळा थर असा लागतो की त्याच्याखाली दोनशे फूट बोअर घेतली तरी धूळच. म्हणून आपल्याकडं एकाच्या विहिरीला हातभर अंतरावर पाणी आणि शेजाऱ्याची कोरडी, हे नेहमीचं. गंगेच्या मैदानात जसं पाणी सर्वदूर पसरलेलं असतं तसं इथं नाही. बेसॉल्टात मुळात साठवणच थोडी. पावसाळ्यात झटकन भरतो आणि हिवाळा संपता संपता रिकामा व्हायला लागतो.

त्यामुळं जमिनीखालच्या नकाशाला आजही दोरी लागते. भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत. वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर, त्यांतली पाणीपातळी मोजतात आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडतात. पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या गावाला टंचाई येणार याचा अंदाज त्यावरून निघतो. आता राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पातून काही ठिकाणी आपोआप पातळी पाठवणारी यंत्रंही बसतायत. ती उत्तमच आहेत. पण मी म्हणतो, गावातल्या दहा विहिरींची पातळी दर महिन्याला एखाद्या मुलीनं दोरीला गाठी मारून मोजली आणि फळ्यावर लिहिली, तर त्या गावाला जे कळेल ते कुठल्याही पोर्टलवरून कळणार नाही. शाळेतल्या मुलांना मी हेच करायला लावतो. एका पोरानं मार्चमध्ये घरी जाऊन सांगितलं की यंदा उन्हाळी मका नको, विहीर मागच्या वर्षीपेक्षा पुरुषभर खाली आहे. बापानं ऐकलं. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

वरच्या पाण्याचं मात्र उपग्रह चोख सांगतो. पाणी अवरक्त किरण जवळजवळ पूर्ण शोषून घेतं, हिरवं पान ते परतवून लावतं. या दोन्हींच्या फरकावरून तळं कुठलं आणि पीक कुठलं हे वेगळं काढता येतं. युरोपचा सेंटिनेल-२ दहा मीटरचा चौकोन बघतो आणि दोन उपग्रह मिळून पाच दिवसांनी परत येतात. आपल्याकडचं नेहमीचं शेततळं तीस बाय तीस मीटरचं. म्हणजे सेंटिनेलच्या चित्रात ते साधारण नऊ चौकोन व्यापतं, लँडसॅटच्या चित्रात जेमतेम एक. त्या नऊ चौकोनांवरून मार्चमध्ये कुणाचं तळं भरलेलं आहे हे कळतं.

आणि इथं मनात जे आहे ते स्पष्ट लिहितो. शेततळं ही मूळ कल्पना वाहून जाणारं पावसाचं पाणी धरण्याची. आपल्या जिल्ह्यात तळ्यांची संख्या वाढली, प्लास्टिकचा कागद अंथरला गेला, आणि पुष्कळ तळी पावसानं भरण्याऐवजी विहीर-बोअरच्या पाण्यानं भरायला लागली. जमिनीखालचं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी हिवाळ्यात उपसून उघड्यावर ठेवायचं. त्यातलं काही उन्हानं उडून जातं, आणि ज्याच्याकडं तळं नाही त्याची विहीर आधीच आटते. मोसंबी, डाळिंब जगवायला माणूस काय करणार, हेही मला कळतं. २०१२-१३ ला बागा सरपणाला गेल्या ते दुःख मी पाहिलंय. म्हणून मी कुणा एका शेतकऱ्याला दोष देत नाही. पण हे पाणी किती, हे गावासमोर आलं पाहिजे, आणि नकाशाशिवाय ते येत नाही. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला त्यात अटकाव आहे. पाचशे मीटर म्हणजे कुठपर्यंत, हे गावात किती जणांना दाखवता येईल? नकाशावर एक वर्तुळ काढलं की वाद अर्धा मिटतो.

जलयुक्त शिवार अभियानाची हवा तू इथून गेलास तेव्हा नुकती सुरू झाली होती. डिसेंबर २०१४ चा तो शासन निर्णय. तेव्हा नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रानं, लोक त्याला एमआरसॅक म्हणतात, मोबाइल ॲप केलं. कामाआधी, काम चालू असताना आणि काम झाल्यावर, असे फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह चढवायचे. एकच बंधारा दोन योजनांत दाखवण्याला त्यानं आळा बसला, हे मोठं काम झालं. पण फोटो हा काम झाल्याचा पुरावा असतो, पाणी मुरल्याचा नाही. कित्येक ठिकाणी जेसीबीनं नाले नुसते खोल-रुंद केले. माथ्यावर समतल चर नाहीत, मधल्या उतारावर बांधबंदिस्ती नाही, आणि तळाला मात्र भलं मोठं खोलीकरण. दोन पावसाळ्यांत गाळ भरला. अर्थतज्ज्ञ ह. म. देसरडा यांनी हे अशास्त्रीय आहे म्हणून उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं होतं. मला त्यांचा मुद्दा पटतो. माथा ते पायथा हा क्रम प्रत्येक सरकारी पुस्तिकेत छापलेला असतो. तो पाळला की नाही हे तपासायला नकाशा हाताशी होता, पण त्याचा उपयोग ठिपके मोजण्यापुरताच झाला.

त्यापेक्षा पोकरात झालेलं काम मला जास्त मोलाचं वाटतं. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, जागतिक बँकेच्या मदतीनं २०१८ पासून. १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावं घेतली होती आणि त्यात जालना होता. तिथं मुंबईच्या आयआयटीनं गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढायची पद्धत बसवली. पूर्वी सरसकट एक टक्केवारी लावायचे : एवढा पाऊस, त्यातला एवढा वाहून जाणार. पण काळ्या कसदार रानातून जेवढं पाणी वाहतं तेवढंच बरड माळावरून वाहणार का? आयआयटीच्या पद्धतीत मातीचा नकाशा, उताराचा नकाशा, पिकांचा नकाशा एकावर एक ठेवतात आणि रोजच्या पावसावरून हिशेब करतात, की आज पडलेल्यातलं किती वाहिलं, किती पिकानं घेतलं, किती मातीत राहिलं, किती खाली मुरलं. आकडे बघ म्हणजे कळेल. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. हजार हेक्टरचं शिवार आणि सातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर सत्तर लाख घनमीटर, म्हणजे सात दशलक्ष घनमीटर (दलघमी). ऐकून वाटतं, एवढं पाणी असताना टंचाई कशाची? पण पिकं, गवत आणि बाष्पीभवन यांतच त्यातलं बरंचसं जातं. उरलेल्यात कापूस, मका, मिरची, मोसंबी, जनावरं आणि माणसं बसवायची. हा हिशेब गावात मांडला की पहिल्यांदा लोक गप्प होतात आणि मग खरं बोलायला लागतात. माझ्या मते नकाशाचा सगळ्यात मोठा उपयोग हा आहे.

आता दुष्काळाचं सांगतो. पूर्वी आणेवारी लागायची, तिची पुढं पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ. ती ठरवताना किती ओढाताण व्हायची ते तुझ्या वडिलांनी पाहिलंय. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर पद्धत बदलली. आधी पावसाची तूट आणि खंड बघतात. मग उपग्रहावरून पिकांच्या हिरवेपणाचा निर्देशांक, मातीतली ओल, भूजलाची पातळी. हे आकडे जुळले तरच तालुका पुढच्या टप्प्यात जातो, आणि मग दहा टक्के गावं निवडून शेतात जाऊन सत्यमापन करतात. त्यासाठी एमआरसॅकचंच महामदत हे ॲप आहे. २०१८ ला राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो याच वाटेनं. ३१ ऑक्टोबर २०२३ ला फक्त ४० तालुके त्या यादीत बसले, आणि त्यात आपलं भोकरदन होतं. यादीत नसलेल्या तालुक्यांतही पिकं करपली होती, तिथल्या लोकांनी आरडाओरड केली आणि नंतर काही महसूल मंडळांना दुष्काळसदृश म्हणून सवलती द्याव्या लागल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शेतसाऱ्याची सूट, कर्जाचं पुनर्गठन, मुलांची परीक्षा फी, वीजबिलातली सवलत, हे सगळं आता एका रंगीत चौकोनावर अवलंबून आहे. वरून हिरवं दिसणारं रान खरंच पीक आहे की वेड्या बाभळीचं आणि तणाचं माजलेलं, हे फक्त बांधावर उभा असलेला माणूस सांगू शकतो. म्हणून त्या दहा टक्के गावांत कोण जातं, कुठल्या गटात उभं राहतं आणि गावातल्या कुणाला सोबत घेतं, याला मी अतिशय महत्त्व देतो.

यंदा उलटं झालं. सप्टेंबरात मराठवाड्यावर असा पाऊस कोसळला की नद्यांनी पात्रं सोडली, माती खरवडून गेली, उभं सोयाबीन कुजलं. ढग असले की साध्या कॅमेऱ्याचे उपग्रह आंधळे होतात. तेव्हा रडारचे उपग्रह कामाला येतात, कारण त्यांच्या लहरी ढगातून पार होतात. सपाट पाणी त्या लहरी दुसरीकडंच फेकतं, म्हणून पूर चित्रात काळा दिसतो. इस्रो आणि नासानं मिळून केलेला निसार हा रडार उपग्रह याच वर्षी ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून गेला. आता बारा दिवसांत दोनदा तो जवळपास साऱ्या जमिनीवरून नजर टाकणार. पुढच्या पुरात नुकसानीचे पंचनामे त्याच्या चित्रांशी ताडून झाले तर बरं, असं मला मनापासून वाटतं. पंचनाम्याला तलाठी पोचेपर्यंत पाणी ओसरलेलं असतं.

तुमच्या नेदरलँड्सबद्दल मी अलीकडं वाचत होतो. देशाचा चौथाई भाग समुद्रसपाटीच्या खाली, आणि तू राहतोस तिथून जवळच तर साडेसहा मीटरहून खोल जागा आहे. पाणी बाहेर टाकायचं कसं, ही तुमची काळजी, आणि आत धरायचं कसं, ही आमची. पण मला हेवा दोन गोष्टींचा वाटला. एक, पाणी सांभाळणारी मंडळं तिथं मध्ययुगापासून आहेत आणि त्यांची निवडणूक होते. दुसरी, विमानातून लेझरनं मोजलेला साऱ्या देशाचा उंचीनकाशा कुणालाही फुकट बघता येतो. आपल्याकडं नकाशे फार काळ कुलपात होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नियम सैल केले, डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं, आणि आता नागपूर-पुणे-हैदराबादच्या खाजगी कंपन्या राज्य सरकारांची, पाटबंधारे महामंडळांची, जलजीवन मिशनची अशी कामं घेतात. शिवारात फिरणारी ती पोरंही अशाच कंत्राटावर आलेली. शेजारच्याच जिल्ह्यांतली आहेत, कृषी पदविका झालेली. उन्हात दिवसभर पायपीट करतात. गावानं त्यांना चहा पाजावा, सोबत माहीतगार माणूस द्यावा, असं मी ग्रामपंचायतीत सांगितलं आणि मानलंही लोकांनी.

कारण माहीतगार नसला तर काय होतं ते मी शेजारच्या एका गावात पाहिलं. तिथल्या यादीत बुजलेली विहीर चालू म्हणून होती आणि जिच्यावर निम्मी वस्ती पाणी भरते ती बारव मुळीच नव्हती. वरून पाहणाऱ्याला बारव म्हणजे झाडांची दाट सावली. देशभरातल्या जलसाठ्यांची पहिली गणना २०२३ मध्ये आली, त्यात महाराष्ट्राचे ९७,०६२ जलसाठे आहेत. एवढ्या मोठ्या मोजणीत एखादी बारव सुटली तर दिल्लीला फरक पडत नाही. त्या वस्तीला मात्र पडतो. पुढं टँकर मंजूर करताना, पुनर्भरणाचं काम मंजूर करताना, तीच यादी उघडणार.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे : नकाशा गावात परत आला पाहिजे. पोर्टलवर इंग्रजीत नव्हे, तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, मराठीत, गट नंबरांसह, आणि ग्रामसभेत त्याच्यावर चुका दाखवायची मुभा देऊन. आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंचीचं उदाहरण मी सगळ्यांना देतो. विजयअण्णा बोराडे आणि मराठवाडा शेती साह्य मंडळानं नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमातून तिथं पाणलोटाचं काम केलं. उपग्रहांची चित्रं तेव्हा कुणाच्या खिशात नव्हती. लोकांना घेऊन माथ्यापासून शिवार पायी बघितलं, उतार मोजला, गटागटाचा आराखडा शेतकऱ्याशी बोलून केला. जालन्यात मोसंबी वाळत होती त्या वर्षी कडवंचीचे द्राक्षाचे मळे उभे होते. साधनं आज शंभरपटीनं चांगली आहेत. ती वापरून असं शिवारभर चालणं वाढावं.

आपल्या गावाच्या नकाशाची कच्ची प्रत आता आली आहे. मी ती घेऊन वस्त्यांवर बसतो. म्हाताऱ्या माणसांना रंग कळत नाहीत, पण राजूरची वाट इकडं, गिरजा तिकडं असं सांगितलं की लगेच जागा ओळखतात आणि भराभर सांगायला लागतात : इथं दगडी बांध होता, इथं जानेवारीपर्यंत पाणी राहायचं, हा नाला दोन वर्षांपूर्वी कुणी तरी वळवला. हे सगळं मी लाल पेनानं लिहून घेतोय. डिसेंबरच्या ग्रामसभेत ठेवायचं आहे.

तुझ्याकडून एक काम हवंय. तुमच्या वरच्या मळ्याच्या टोकाला झरा होता, जो एप्रिलमध्येही पाझरायचा आणि तुझे वडील तिथं बैलांना पाणी पाजायचे, तो नकाशावर कुठंच नाही. त्या रानात आता वाटेकरी आहे, त्याला ठाऊक नाही. मी दोनदा हिंडलो, खडकात ओल दिसते पण नेमकी जागा सापडत नाही. पत्रासोबत त्या भागाची उपग्रहाची प्रतिमा पाठवतोय, गटाच्या हद्दी तीवर आखल्या आहेत. मोठी करून बघ, कुठल्या झाडाखाली, कुठल्या बांधापासून किती पावलांवर होता ते खूण करून पाठव. जमल्यास पंधरा तारखेच्या आत पाठव, म्हणजे सभेच्या आधी मला तिथं जाऊन खात्री करता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
बाळमित्र